दुतोंड्या मारुतीला आकडे लागत नाहीत: गेम-प्रकल्पांच्या परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
नाशिकमधील महाविद्यालयांत आणि संस्थांत गेम डिझाइनचे विद्यार्थी-प्रकल्प तपासणारे परीक्षक व मार्गदर्शक प्राध्यापक

विषय: गुणपत्रिकेतला 'यूआय' हा रकाना

सप्रेम नमस्कार.

प्रकल्पांच्या गुणपत्रिकेत 'यूआय' (यूजर इंटरफेस, म्हणजे खेळाडूला दिसणारे मेनू, पट्ट्या, बटणे) असा एक रकाना असतो आणि तो भरायला बहुतेक वेळा अहवालात चिकटवलेले स्क्रीनशॉट पुरतात. मुख्य मेनू आहे, सेटिंग आहे, इन्व्हेंटरी (जमवलेल्या वस्तूंची पिशवी) आहे, कोपऱ्यात नकाशा आहे, वर जीव किती उरला ते दाखवणारी जीवनपट्टी आहे, द्या गुण. जितके पडदे जास्त तितके काम जास्त, हा हिशेब मुलांनी केव्हाच ओळखला आहे. म्हणून खेळातले पात्र अजून धड उडी मारत नसते, पण 'रोजचे बक्षीस' देणारा पडदा मात्र सजून तयार असतो. सर्व्हर नाही, दुसऱ्या दिवशी तो खेळ कोणी उघडणार नाही, तरी बक्षीस आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे की हा रकाना खेळून भरावा. थांबलेल्या चित्रात जो पडदा भरगच्च आणि देखणा वाटतो, तोच चालत्या खेळात खेळाडूची तंद्री मोडतो. उलट चित्रात 'इथे तर काहीच केलेले नाही' असे वाटते, त्या खेळात कधी कधी सगळ्यात जास्त डोके लावलेले असते. रसभंग किती वेळा झाला हे चित्रात दिसत नाही. ते हातात फोन घेतल्यावरच कळते.

पडदा आणि तंद्री यांचे नाते समजवायला नाशिककराला परदेशी उदाहरण लागू नये. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले हे आपण बातमीत वाचतो, पण एकमेकांना विचारतो ते 'मारुतीला पाणी कुठवर आलंय?' गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती हा पुराचा काटाच आहे आणि तो पुरातच उभा आहे. तो वाचायला नदीवरून नजर काढावी लागत नाही. क्युसेकचा आकडा जास्त अचूक खरा, पण तो नदीबाहेरचा आहे.

२००९ साली स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात फागरहोल्ट आणि लोरेंट्झोन यांनी आपल्या प्रबंधात हीच गोष्ट दोन प्रश्नांत बसवली: ही माहिती खेळातल्या पात्रांच्या जगात खरोखर आहे का, आणि ती त्या जगाच्या जागेत दिसते का? दोन प्रश्नांची चार घरे होतात. समजा, कोणी गोदाघाटावरच्या पुराचा खेळ बनवला. मारुतीच्या अंगावरून पाणी वाचायचे तर दोन्ही उत्तरे 'हो'. याला डायजेटिक म्हणतात. मारुतीच्या डोक्यावर तरंगणारा पिवळा बाण दाखवला तर तो घाटाच्या जागेत आहे, पण पात्राला दिसत नाही, तो स्पेशियल. खेळाडू बुडू लागला की कडांवर पाण्याचे थेंब आणि धूसरपणा येतो, तो मेटा. कोपऱ्यात 'पाणी: ६२ टक्के' लिहिले, तर ते नॉन-डायजेटिक, म्हणजे क्युसेकचा आकडा.

आता इथेच एक घाई होते, आणि ती अलीकडे फॅशनही झाली आहे: एचयूडी (खेळ चालू असताना पडद्यावर दिसणाऱ्या पट्ट्या आणि आकडे) काढून टाका म्हणजे खेळाडू आपोआप रमेल. तसे नाही. २००८ च्या डेड स्पेसमध्ये नायकाच्या पाठीच्या कण्यावर जीवनपट्टी आहे आणि गोळ्यांचा आकडा बंदुकीवरच उजेडाने उमटतो. ते जमते, कारण कॅमेरा कायम त्याच्या पाठीमागे आहे. तोच खेळ नायकाच्या डोळ्यांतून दाखवला असता तर कणा दिसलाच नसता. २०१० च्या मेट्रो २०३३ मध्ये विषारी हवेत गाळणी किती वेळ टिकेल हे मनगटावरच्या घड्याळात कळते, आणि पुढे काय करायचे ते अंधारात लायटर पेटवून टिपणवहीत वाचावे लागते. माहिती मिळते, पण फुकट नाही, आणि त्या 'महाग' असण्यातच खेळाचा सगळा धाक आहे. २००५ च्या किंग काँगच्या खेळात गोळ्या किती उरल्या ते पात्र तोंडाने सांगते. २०२० च्या घोस्ट ऑफ त्सुशिमात वाऱ्याची दिशाच वाट दाखवते.

या उलट २०१६ चा पर्सोना ५ बघा. त्याचे मेनू लाल-काळे, तिरके, आरडाओरडा करणारे, शंभर टक्के खेळविश्वाबाहेरचे. तरी रस तुटत नाही, कारण मेनूचा स्वभाव आणि खेळाचा स्वभाव एकच आहे आणि बटण दाबताक्षणी तो उत्तर देतो. म्हणजे 'डायजेटिक आहे का?' हाही रकान्यातला टिकमार्क होऊ नये.

नवख्या खेळाडूची गोष्ट तर वेगळीच. ब्राउन आणि केर्न्स यांनी २००४ मध्ये तल्लीनतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी लक्ष देणे, मग गुंतणे, मग पूर्ण बुडून जाणे. पहिल्याच पायरीवर अडथळा असतो तो बटणे न कळण्याचा. २०१५ मध्ये केर्न्स यांचाच सहभाग असलेल्या एका अभ्यासात एचयूडी काढल्यावर सरावलेल्या खेळाडूंची तल्लीनता वाढली, नवख्यांची मात्र नाही. नवखा माणूस पट्टी नसली की जगाकडे बघत नाही, तो पट्टी शोधत बसतो. २०१७ च्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये सेटिंगमध्ये 'प्रो' पर्याय आहे. तो निवडला की पडद्यावर जवळजवळ फक्त जीवनाची बदामे उरतात. आपणहून कमी करण्याची मुभा देणे हा शहाणपणाचा मार्ग आहे, आणि विद्यार्थ्याला तो अर्ध्या दिवसात जमतो.

आता डोळ्याचे गणित, कारण ते कळल्याशिवाय कोपऱ्याचे भाडे कळत नाही. साडेसहा इंची, २०:९ प्रमाणाचा फोन आडवा धरला की पडदा साधारण १५ सेंटिमीटर रुंद भरतो. तो ३० सेंटिमीटरवर धरला तर मध्यापासून कडेपर्यंत सुमारे १४ अंश होतात. डोळ्याला अगदी स्पष्ट दिसते ते मधल्या दोनेक अंशांत. म्हणजे कोपऱ्यातला आकडा वाचायला नजर उचलून न्यावीच लागते. न्यायची, वाचायची, परत आणायची. अर्धा सेकंद सहज जातो. सेकंदाला ६० चौकटी (फ्रेम) दाखवणाऱ्या खेळात तेवढ्यात ३० चौकटी निघून गेल्या. काठाची नजर अक्षर ओळखत नाही, पण हालचाल आणि लुकलुक पटकन पकडते. म्हणून कोपऱ्यात सतत चमचमणारे नाणे ठेवणे म्हणजे वाचणाऱ्याची बाही कोणीतरी सारखी ओढणे आहे. लुकलुक राखून ठेवावी ती जिवावर बेतल्याच्या क्षणासाठी.

फोनवर आणखी एक गंमत: खालचे दोन्ही कोपरे अंगठ्यांखाली जातात. लॅपटॉपवर बनवताना ते रिकामे दिसतात, म्हणून मुले तिथेच बाण-गोळ्यांचे आकडे बसवतात. वरचा मधला भाग त्यातल्या त्यात सुरक्षित. कडेला कॅमेऱ्याची खाच येते, ती युनिटी या गेम इंजिनच्या 'सेफ एरिया'तून (पडद्याचा न झाकला जाणारा भाग सांगणाऱ्या सोयीतून) विचारून घ्यावी, अंदाजाने नव्हे. स्पर्शाचे बटण अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे ४८ डीपी (अँड्रॉइडचे पडद्यावरचे माप), म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर. त्याहून लहान असले की अंगठा चुकतो, खेळाडू बटणाकडे बघू लागतो आणि घाट दिसेनासा होतो.

पट्टी ठेवायचीच असेल तर ती बदलली तेव्हाच दाखवावी: ०.१५ सेकंदात उमटावी, तीन-चार सेकंद थांबावी, अर्ध्या सेकंदात विरावी. उमटणे वेगात, विरणे सावकाश. उलटे केले की जाणारी पट्टी जास्त लक्ष खाते. आणि पाण्याची पातळी मारुतीवर दाखवली म्हणून कोपऱ्यातली पट्टी कायमची पुसून टाकायची नाही. ज्याला लांबचे नीट दिसत नाही त्याच्यासाठी ती सेटिंगमध्ये राहू द्यावी. आवाजाचेही तसेच. हरिहरच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या चढायचा खेळ असेल तर दम संपत आल्याचे धाप लागून, हात थरथरवून सांगणे हिरव्या वर्तुळापेक्षा कितीतरी सरस. पण सिटी बसमध्ये फोनचा आवाज बंद असतो. धाप ऐकू आली नाही तर हाताची थरथर दिसली पाहिजे, किंवा फोन हलका थरथरला पाहिजे. एकच माहिती दोन वाटांनी, असा साधा नियम.

सगळ्यात जास्त रसभंग मात्र होतो तो अख्खा पडदा झाकणाऱ्या मेनूत. पुन्हा त्याच पुराच्या खेळात या. पाणी चढते आहे, भांडी बाजारातल्या दुकानातला माल माडीवर न्यायचा आहे, आणि खेळाडू दोर काढायला पिशवी उघडतो. पाणी थांबायचे की नाही? २०१३ च्या द लास्ट ऑफ अस मध्ये पाठपिशवी उघडली तरी शत्रू थांबत नाही, डार्क सोल्समध्येही नाही. कोणताही निर्णय चालेल, पण तो घेतलेला असावा. 'टेम्प्लेटमध्ये तसे होते' हे उत्तर चालू नये. वेळ थांबवायची ठरली तर पुढच्या चुका जवळजवळ ठरलेल्या असतात, त्या जरा जवळून सांगतो.

युनिटीत टाइमस्केल (खेळातल्या वेळेचा वेग) शून्य केला की खेळाबरोबर मेनूचे ॲनिमेशनही गोठते. ॲनिमेटरचा अपडेट मोड 'अनस्केल्ड टाइम' (खऱ्या घड्याळाप्रमाणे) करावा लागतो, आणि कोरुटीनमध्ये (मधे थांबत पुढे जाणाऱ्या कोडमध्ये) साधा 'वेटफॉरसेकंड्स' असेल तर तो कधी सुटतच नाही. तिथे 'रिअलटाइम' वाला वापरावा. आवाजाचे त्याहून वाईट. नदीचा घोंगावणारा आवाज मेनू उघडताच कापल्यासारखा बंद होतो आणि तंद्री तिथेच तुटते, मेनू कितीही सुंदर असो. आवाज तोडू नये, दाबावा: ऑडिओ मिक्सरमध्ये लो-पास (उंच स्वर गाळणारा फिल्टर) लावलेला दुसरा स्नॅपशॉट (आवाजाची साठवलेली मांडणी) ठेवून ०.२ सेकंदात तिकडे जावे, म्हणजे नदी दाराआड गेल्यासारखी वाटते. इथेही मिक्सरचा अपडेट मोड अनस्केल्ड नसेल तर स्नॅपशॉट बदलत नाही आणि मुलगा दोन दिवस फिल्टरलाच दोष देत बसतो.

बटण दाबल्यापासून पिशवी वापरता येईपर्यंत ०.२ सेकंदांहून जास्त जाऊ नयेत. ॲनिमेशन चालू असतानाही बोट ओळखले गेले पाहिजे. स्वस्त फोनवर पिशवी उघडताना जो गचका बसतो त्याची कारणे साधारण तीच ती असतात: सगळा यूआय एकाच कॅनव्हासवर (युनिटीत यूआय ज्यावर मांडतात त्या पाटीवर), त्यामुळे एक आकडा बदलला की अख्ख्या कॅनव्हासची जुळणी नव्याने होते, एकात एक अडकवलेले लेआउट ग्रुप (घटक आपोआप रांगेत लावणारे), आणि उघडताना सगळे पॅनल चालू करणे. हलणारे आणि न हलणारे वेगळ्या कॅनव्हासवर ठेवावे, पॅनल बंद करण्याऐवजी कॅनव्हास घटकच बंद करावा, नुसत्या चित्रांवरचा रेकास्ट टार्गेट (स्पर्श ओळखण्याची खूण) काढावा, सगळी चिन्हे एका ॲटलासमध्ये (एकाच मोठ्या चित्रात) घ्यावीत. हे तासाभराचे काम आहे. मेनू मिटतानाची चूक तर हास्यास्पद असते: 'ठीक' आणि 'उडी' एकाच बटणावर, मग मेनू मिटला की पात्र थेट पाण्यात उडी घेते. बटण सोडेपर्यंत ती कळ खेळाला द्यायची नाही, एवढाच इलाज.

यानंतर मराठी. हा भाग परीक्षकांनी विशेष बघावा ही विनंती, कारण मराठीतला खेळ हातात येतो तेव्हा पहिला रसभंग अक्षरानेच होतो. 'स्थिती' हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी असा साठवलेला असतो. ऱ्हस्व वेलांटी साठवताना अक्षरानंतर येते आणि काढताना अक्षराआधी. हे हलवण्याचे आणि जोडाक्षरे जुळवण्याचे काम शेपिंग करणारी यंत्रणा करते. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोत (मजकूर दाखवणाऱ्या घटकात) ती नाही. मग स् पाय मोडलेला दिसतो, थ ची वेलांटी त च्या अंगाला चिकटते, आणि वाचणारा तिथेच थांबतो. फॉन्ट ॲटलास (अक्षरांच्या आकृत्यांचे एकत्र चित्र) बनवताना देवनागरीचा पूर्ण पट्टा घातला तरी उपयोग नाही, कारण जोडाक्षरांच्या बऱ्याच आकृत्यांना स्वतःचा युनिकोड क्रमांकच नसतो. गोडो ४ आणि अनरियल या इंजिनांत हार्फबझ ही शेपिंगची यंत्रणा असल्याने हे आपोआप नीट येते. युनिटी ६ मध्ये यूआय टूलकिटबरोबर (यूआय बनवण्याच्या त्याच्या नव्या पद्धतीबरोबर) शेपिंग करणारा ॲडव्हान्स्ड टेक्स्ट जनरेटर वापरता येतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर बदलून वेळ मारून नेता येते. दिसते ठीक, पण तो मजकूर शोधता येत नाही आणि वाचून दाखवणाऱ्या यंत्राला कळत नाही. मराठी खेळ करायचा ठरला असेल तर इंजिन निवडण्याआधी 'स्थिती', 'दऱ्या', 'कृष्ण', 'त्र्यंबक' हे चार शब्द छापून बघावेत. सहा महिन्यांनी बघू नयेत.

अक्षराचा आकारही इंग्रजीवरून ठरवू नये. एक्सबॉक्सच्या मार्गदर्शिकेत टीव्हीवर १०८०पी साठी किमान २६ पिक्सेल सांगितले आहेत. देवनागरीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार यांना जागा जाते, म्हणून त्याच आकारात मूळ अक्षर लहान पडते. पाचवा हिस्सा तरी वाढवावा आणि ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवावी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो.

अक्षरे नीट आली की व्याकरण आडवे येते. इंग्रजी साच्यात रिकामी जागा सोडून वस्तूचे नाव भरतात. मराठीत दोर मिळाला, घागर मिळाली, होकायंत्र मिळाले. साचा 'मिळाला' वर अडकला की 'घागर मिळाला' असे येते आणि पुरात जीव मुठीत धरून पळणारा खेळाडू हसू लागतो. सोपा उपाय म्हणजे क्रियापद टाळणे: 'पिशवीत: घागर'. ठिकाणांचे त्याहून अवघड. 'पंचवटी'ला 'कडे' जोडले तर पंचवटीकडे नीट होते, पण 'रामकुंड'चे रामकुंडाकडे आणि 'किल्ला'चे किल्ल्याकडे व्हावे लागते. शब्दांच्या तक्त्यात प्रत्येक नामासमोर लिंग आणि सामान्यरूप असे दोन जादा स्तंभ ठेवावेत. आणि खेळाडूला तू म्हणायचे की तुम्ही, हे पहिल्या दिवशी ठरवावे. शिकवणीत 'बटण दाबा' आणि हरल्यावर 'पुन्हा प्रयत्न कर' असे बरेचदा दिसते. दोन वेगळी माणसे बोलत असल्यासारखे वाटते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीने २०२० मध्ये आणलेल्या 'राजी' या खेळात कथेचा मोठा भाग भिंतींवरच्या चित्रांतून आणि छायानाट्यातून येतो. मजकुराचा पडदा न उघडता कथा सांगायचा तो आपल्याकडचाच नमुना आहे, विद्यार्थ्यांना दाखवायला हरकत नाही.

मग तपासायचे कसे? दहा-बारा हजारांच्या फोनवर, उजेड अर्धा ठेवून, पंधरा मिनिटे खेळावे. पहिली पाच मिनिटे आवाज बंद करून. खेळ ज्याने बनवला त्याने शेजारी उभे राहावे, बोलू नये. हे सर्वांत अवघड जाते. मधेच, न सांगता, पडद्यावर वही ठेवावी आणि खेळणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत: आत्ता धोका कुठून आहे, पिशवीत काय आहे, पुढे कुठे जायचे आहे. उत्तरे आली तर माहिती पोचते आहे. मग एचयूडी पूर्ण बंद करून तोच भाग पुन्हा खेळावा आणि एकेक पट्टी परत चालू करावी. जी परत आल्यावर फरक पडला नाही ती काढायला सांगावी, आणि काढल्याबद्दल गुण द्यावेत. पडदा कमी केल्याबद्दल गुण मिळाल्याचे आजवर कोणा विद्यार्थ्याने ऐकलेले नसेल.

'यूआय' ला वीस गुण असतील तर त्यातले पाच अहवालातल्या चित्रांना ठेवा, पंधरा या पंधरा मिनिटांना द्या. चित्रांचे पाचही काढायचे असतील तर आमची हरकत नाही.

आपले,
खेळांचे पडदे बांधणारे आणि तपासणारे काही जण
नाशिक

ता. क.: खेळाच्या नावाच्या पाटीवर अक्षरांमधले अंतर वाढवलेले दिसले तर शिरोरेषा तुटली आहे का ते बघा. इंग्रजी पाट्यांवरून उचललेली ही सवय आहे. रोमन अक्षरे सुटी केली की भारदस्त दिसतात. देवनागरी सुटी केली की दात पडल्यासारखी दिसते. अंतर शून्यावर आणायला सांगा आणि हवे तर अक्षर जाड करायला सांगा.